आवाज ठेवायला जागा

६ जानेवारी

नोकरी सोडल्याचं आज आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आईचं "बरं" म्हणजे निकाल राखून ठेवणं. बायकोने मात्र सरळ विचारलं, "हे धाकटीसाठी करतोयस की स्वतःसाठी?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. त्यावर ती उठून चादर झटकायला लागली. म्हणजे पटलं असावं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवते. तिच्या घशात गाठ निघालीय. पुढच्या महिन्यात स्वरयंत्र काढायचं. "जीव वाचेल, आवाज जाईल," डॉक्टर एका दमात बोलून गेले. आणि आवाज कुणाचा, तर हिचा! तलावाच्या या टोकाला ही ओरडली की त्या टोकाच्या पोराचे पाय आपोआप सरळ होतात.

दवाखान्याचा जिना उतरताना मला सुचलं. ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांचा तो आधीच साठवून ठेवायचा. मग फोनवर टाइप केलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. त्याच संध्याकाळी लंब्याला सांगितलं. लंब्या माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं अर्धं आयुष्य सर्व्हर सांभाळण्यात गेलंय. उंची भरपूर, बोलणं मोजकं. "करू," एवढंच म्हणाला.

९ जानेवारी

ड्रायक्लीनरच्या वरची खोली भाड्याने घेतली. दिवसभर खालून वाफ येते. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीत उघडते. लंब्या उभा राहिला की त्याला पंखा चुकवावा लागतो.

पहिला मोठा वाद झाला. बांधायचं कशावर? रस्ते तीन. पहिला, महागडे फोन. एकच कंपनी, एकच ऑपरेटिंग सिस्टिम. काम सोपं, दिसायला देखणं, पण ॲप त्यांच्याच दुकानातून विकायचं आणि नियमही त्यांचेच. दुसरा, बाकी जगाकडे असतात ते स्वस्त फोन. सिस्टिम म्हणायला एक, पण घरोघरी तिचा अवतार वेगळा. एका फोनवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल याचा नेम नाही. तिसरा रस्ता लंब्याचा लाडका. मुक्त सिस्टिम, जिचा कोड सगळ्यांना उघडा असतो, आणि तिच्यावर आपलं स्वतःचं छोटं यंत्र. परवानगी कुणाची नको, पण स्क्रूपासून सगळं आपल्या गळ्यात.

त्याहून मोठा प्रश्न, आवाज बनवायचा कुठे? फोनच्या पोटात, की ढगवाल्यांकडे? (मोठ्या कंपनीच्या क्लाउडला आम्ही 'ढग' म्हणतो आणि त्या लोकांना ढगवाले.) त्यांचं तयार साधन अप्रतिम आहे. थोडी वाक्यं वाचून दाखवली की हुबेहूब आवाज. फक्त तो राहतो त्यांच्या सर्व्हरवर.

लंब्या म्हणाला, "नेट गेलं की माणूस मुका."

"हल्ली नेट जातं कुठे?"

"भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं."

लंब्याच्या मानाने हे भाषणच झालं.

१४ जानेवारी

धाकटीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. निर्णय व्हायचाय, पण ढगवाल्यांचं साधन वापरून बघायला काय हरकत? वाक्यं तेच देतात. "आज हवा छान आहे." "कृपया मला पाणी द्या." तिसऱ्या वाक्याला धाकटी हसत सुटली. "दादा, मी जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलंय का?" आणि माईकसमोरच गरजली, "ए, पाय मार पाय! पाणी काय पाहुणं आहे, हळूच हात लावायला?" खालचा ड्रायक्लीनर धावत वर आला.

यंत्राने ते वाक्य नाकारलं. 'आवाजाची पातळी अयोग्य.' मी पुसायला निघालो तर लंब्या म्हणाला, "राहू दे. सगळ्याची एक प्रत मी ठेवतो." हा माणूस रद्दीही टाकत नाही.

जाताना धाकटी म्हणाली, "तलावावर चालेल ना रे हे? तिथे नेट येत नाही. हात ओले असतात. आणि आवाज मोठा हवा."

मी म्हटलं, सगळं होईल, एकेक करत.

२० जानेवारी

ठरलं. महागडे फोन आणि ढग. लंब्याच्या रस्त्याने गेलो असतो तर वर्ष लागलं असतं. धाकटीचं ऑपरेशन कुणासाठी थांबत नाही. शिवाय ज्या बाई आमच्या धंद्यात भांडवल घालायला तयार आहेत, त्यांना मार्चमध्ये बोलतं यंत्र बघायचंय.

ढगवाल्यांचा माणूस येऊन गेला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. नव्या कंपन्यांना पहिलं वर्ष फुकट. लंब्याने एकच विचारलं, "बाहेर पडायचं झालं तर आवाज परत मिळतात?"

तो म्हणाला, "आमच्याकडून आजवर कुणी बाहेर पडलेलंच नाही!"

आम्ही हसलो. म्हणजे मी आणि तो.

३ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. आज रेकॉर्डिंगची शेवटची वाक्यं घ्यायची होती. धाकटीचा दुपारपासून पत्ता नाही. संध्याकाळी आली तेव्हा घसा पूर्ण बसलेला. दिवसभर तलावावर ओरडत होती म्हणे. मला राग आला. "अगं, आज तरी जपायचास! वाक्यं राहिली ना."

घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उरलेला माझा होता, दादा. खर्चून आले."

काही वाक्यं कमी पडतील. चालवून घेऊ.

५ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. आता श्वास गळ्याखालच्या भोकातून. तिने माझा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

२६ फेब्रुवारी

आज ती बोलली! टाइप केलं, क्षणभर पडद्यावर चक्र फिरलं आणि फोनमधून धाकटीचा आवाज आला. "आई, भूक लागली." मला रडू आवरेना. आई उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आनंदच इतका झाला असेल.

धाकटीने पुढे टाइप केलं, "ही माझ्यापेक्षा सभ्य बोलते." सगळे हसलो.

१८ मार्च

बाईंना दाखवलं. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या नाहीत, पण धाकटी "नमस्कार" म्हणाली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. करार झाला. अटी आहेतच. कंपनी सोडली किंवा बंद पडली तरी दोन वर्षं मी याच प्रकारचं दुसरं काम करायचं नाही. आणि प्रत्येक सादरीकरणाला धाकटी हजर हवी. दुसरी अट तर बोलूनचालून घरचीच. तिला विचारायचं काय?

एक युक्ती मलाच सुचली. ॲप पहिल्यांदा उघडलं की नमुना म्हणून धाकटीचा आवाज ऐकू येईल, "नमस्कार. मी आता तुमच्यासोबत आहे." बाईंना फार आवडली.

१० एप्रिल

धाकटी आज पहिल्यांदा तलावावर परतली. मी सोबत होतो. नेट नाही म्हणून माझा दुसरा फोन जोडून दिला. त्यावर नेटची कशीबशी एक रेघ. ओल्या बोटांना पडदा दाद देईना. ती शर्टाला बोटं पुसायची, टाइप करायची, तोवर पोर पुढे निघून गेलेलं.

पिवळ्या टोपीची एक मुलगी दोरीखालून खोल बाजूला गेली. धाकटीने पाहिलं, मी नाही. तिने टाइप केलं. चक्र फिरत राहिलं. ती फोन टाकून काठाने धावली, दोन्ही हात हलवत, तोंड उघडं, आवाज नाही. दुसऱ्या शिक्षकाने उडी मारून पोरीला बाहेर काढलं. सुदैवाने काही झालं नाही.

सगळं संपल्यावर मी उचललेला तिचा फोन माझ्या हातात शांतपणे म्हणाला, "थांब."

धाकटी बाकावर बसून होती. मी समजावलं, नेटचा प्रश्न पुढच्या आवृत्तीत बघू. तिने मान हलवली. समजूतदार आहे.

२ मे

मोठ्या इस्पितळाने ॲप घेतलं. ऑपरेशनच्या आधीच तिथले लोक रुग्णांकडून रेकॉर्डिंग करून घेतात, थेट ढगात. आम्हाला हातही लावावा लागत नाही. पहिल्या ग्राहकांत एक टेलरमास्तर आहेत. टाइप करायला शिकल्याबरोबर त्यांनी बायकोला सुनावलं, "चहात साखर नाही." ती म्हणाली, "तीन आठवडे किती शांतता होती हो!" आणि पदराने डोळे पुसले.

इस्पितळात खोलीबाहेर ओळीने खुर्च्या होत्या. एका बाईंनी ॲप उघडलं, धाकटीचा आवाज आला, "नमस्कार. मी आता तुमच्यासोबत आहे." धाकटी शेजारच्याच खुर्चीवर होती. मी त्या बाईंना कौतुकाने सांगितलं, आवाज हिचाच! धाकटी उठून पाणी प्यायला गेली. लाजली.

२५ मे

लंब्या गेला. भांडण म्हणावं तर मोठ्याने फक्त मीच बोलत होतो. त्याचं म्हणणं, स्वस्त फोनवर, नेटशिवाय चालणारं बनवू, आवाज थोडा कमी सुंदर असला तरी चालेल. मी म्हटलं, आता कसं? लोकांचे आवाज ढगात, ॲप महागड्यांच्या दुकानात, करार बाईंकडे. एक वीट काढली तर घर खाली येईल. एक साधा बदल करायचा तर दुकानवाले महिना लावतात आणि 'नियमात बसत नाही' म्हणून परत पाठवतात.

"तेच म्हणतोय," तो म्हणाला.

त्याने आपला कॉम्प्युटर पोत्यात घातला, पंखा चुकवला आणि जिना उतरून गेला. त्याने बाईंच्या करारावर सही केली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. त्याला अट लागू नाही. सुटला.

८ जुलै

ढगवाल्यांची सूचना. आवाजाची ही सेवा एकतीस जुलैला बंद. नव्या सेवेत आवाज नेता येतील. अट एकच. चोरीचे आवाज रोखण्यासाठी प्रत्येक मालकाने कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या आवाजात, "हा माझा आवाज आहे" असं म्हणायचं.

दोनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, पण बोलता आलं असतं तर…" आणि थांबली.

११ जुलै

त्यांच्या मदतकेंद्राला फोन करतोय. यंत्र उचलतं. गोड आवाजात म्हणतं, तुमचं म्हणणं थोडक्यात बोला. मी बोलतो. ते म्हणतं, समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. आज शेवटी एक जिवंत माणूस मिळाला. त्याला सगळं सांगितलं, आमचे सगळे ग्राहक मुके आहेत म्हणून. तो कळवळला. खरंच कळवळला. म्हणाला, "मग त्यांनी अर्ज करावा, आणि अर्जासोबत त्यांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग."

गुळगुळीत दाढीवाला आता दुसऱ्या कंपनीत आहे.

१५ जुलै

बाई म्हणाल्या, "दुसरा प्लॅटफॉर्म घ्या. मूळ रेकॉर्डिंगं आहेत ना?"

मूळ रेकॉर्डिंगं ढगात. ढग ती देत नाही. दिवसभर डोकं धरून बसलो, आणि लंब्याची ती प्रत आठवली. निदान धाकटीचा आवाज तरी आहे! एक आवाज नव्या ठिकाणी चालवून दाखवला की बाईंना धीर येईल, बाकीच्यांचं पुढे बघू.

लंब्याकडे गेलो. त्याने पाणी दिलं, बसायला दिलं, खाल्लंस का विचारलं. मग म्हणाला, "माझ्याकडे नाहीत. ज्याचं त्याला दिलं."

"म्हणजे?"

"धाकटीला."

१९ जुलै

धाकटीच्या खोलीत गेलो. टेबलावर एक जाडजूड, रबरी कडांचा स्वस्त फोन होता. तिने त्यावर टाइप केलं आणि खोली दणाणली. एका पुरुषाचा आवाज, बातम्या देणाऱ्या काकांसारखा. "ये दादा, बस."

मी दचकलो. "हे काय?"

"लंब्यादादाने करून दिलंय. नेट लागत नाही. पाण्यात पडलं तरी चालतं. आणि ऐकू जातं."

केव्हापासून, ते मी विचारलं नाही. म्हटलं, "मला तुझी रेकॉर्डिंगं दे. नव्या कंपनीकडे तुझा आवाज पुन्हा बनवता येईल."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठीच!"

"मला आवाज आहे."

"हा? हा कुठल्या काकाचा?"

"पोरं काकाच म्हणतात. ऐकतात त्याचं." ती बराच वेळ टाइप करत राहिली. मी बोटांकडे बघत बसलो. "दादा, त्या दिवशी इस्पितळात माझा आवाज एका परक्या बाईला म्हणाला, मी आता तुमच्यासोबत आहे. मी तिथेच बसले होते. मी असं कुणाला म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलं होतं?"

"अगं, तू घरची."

"म्हणून तर विचारायचं."

"नाही दिलीस तर कंपनी बुडेल."

काकांच्या त्या ठणठणीत, कोरड्या आवाजात ती म्हणाली, "मला वाईट वाटतं. पण देणार नाही."

ऑपरेशननंतर माणूस हळवं होतं, असं डॉक्टर म्हणालेच होते. थोडे दिवस जाऊ देतो.

२४ जुलै

थोडे दिवस कुठून आणू?

आज बायकोला मार्चपासूनचं सगळं सांगत होतो. मी कसा तिच्यासाठी धावलो, कसं तिला सगळीकडे नेलं, लोकांनी कशा टाळ्या वाजवल्या. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "आणि ती कुठे जायचं म्हणत होती?"

उत्तर मला माहीत होतं. तलावावर.

३० जुलै

एकेका ग्राहकाला स्वतः जाऊन सांगतोय. फोनवर सांगायची हिंमत नाही. कुणी दार लावून घेतलं. एका मुलाने वडिलांचा आवाज परत द्या म्हणून माझी कॉलर धरली. मी सोडवून घेतली नाही.

टेलरमास्तर मशीनवर बसले होते. ऐकून घेतलं. धागा दाताने तोडला. मग टाइप केलं, "परवापासून बंद?"

"हो."

"मग आज जरा जास्त बोलून घेतो."

त्यांनी बायकोला हाक मारली, नावाने. ती आतून ओरडली, "काय आहे? हात भरलेत!" त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा. ती कणकेच्या हातांनी चिडून बाहेर आली आणि त्यांचा चेहरा बघून दारातच थांबली. मी निघून आलो.

१ ऑगस्ट

सकाळी ॲप उघडलं. चक्र. मग पाटी: सेवा उपलब्ध नाही.

आई म्हणाली, "आता ही बोलणार नाही का?" मी म्हटलं, बोलेल ना, त्या दुसऱ्या फोनवरून. आई म्हणाली, "ती बोलतेच रे. मी हिचं विचारतेय." आणि माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

२२ ऑगस्ट

बाईंनी कंपनी बंद केली. सभ्यपणे. खोलीची किल्ली ड्रायक्लीनरकडे दिली. करारातली अट मात्र जिवंत आहे, दोन वर्षं हे काम करायचं नाही. पगाराशिवाय, नावाशिवाय, लंब्याच्या हाताखालीसुद्धा नाही. वकिलाला विचारलं. त्याने चष्मा काढून तीच ओळ मला दोनदा वाचून दाखवली.

जुन्या साहेबांना फोन केला. जागा आहे म्हणाले. तेच टेबल.

३ सप्टेंबर

लंब्याचा फोन. आमच्या सगळ्या ग्राहकांकडे तो एकेक करून जातोय. त्यांच्याजवळ जो स्वस्त फोन असेल त्यावर आपलं नेटशिवायचं ॲप बसवून देतो. आवाज त्यांचे नाहीत, तयार आहेत तेच. टेलरमास्तरांना एका तरुणाचा मिळाला. पहिल्याच वाक्याला बायको म्हणाली, "हा कोण परका घरात शिरला?" मास्तरांनी टाइप केलं, चहात साखर नाही. तर म्हणाली, "आवाज कुणाचा का असेना, खोड तीच!"

लंब्या सांगून हसत होता. मीही हसलो. मग टेबलावरचं काम पुढे ओढलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल धाकटीचा निरोप आला. "उद्या सकाळी तलावावर ये. पोहायची चड्डी आण." विचारलं, कशाला? तर म्हणे पाण्यात उतरणारा शिक्षक रजेवर आहे, आणि तिला स्वतःला आता पाण्यात जाता येत नाही, गळ्यातून पाणी आत जाईल. म्हटलं, मला पोहता कुठे येतं? "उभं राहता येतं ना?"

छातीभर पाण्यात उभा राहिलो. गार होतं. धाकटी काठावर, हातात तो जाड फोन. तळहातांवर एकेक पोर पालथं झोपवायचं आणि ती सांगेल तेव्हा हात काढायचे, एवढंच काम.

पहिली मुलगी सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. हातावर घेतली. केवढीशी, आणि अंगभर थरथर. मी म्हटलं, "घाबरू नको, मी धरलंय."

ती म्हणाली, "मी नाही घाबरत. तुम्हीच दाबताय."

काठावरून काकांचा आवाज आला, "पाय मार. छान. दादा, हात काढ."

मी हात थोडे सैल केले.

"काढ."

"अगं, बुडेल ती."

धाकटी काठाशी उकिडवी बसली. टाइप केलं नाही. माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज नव्हता, पण शब्द कळला. सोड.

मी हात काढले. मुलगी खाली गेली, तोंडात पाणी गेलं, वर आली, खोकली आणि वेडेवाकडे पाय झाडत थेट कठड्यापर्यंत पोचली. कठडा धरून मैत्रिणींकडे बघत हसायला लागली. मागे वळून मी कुठे आहे तेसुद्धा बघितलं नाही.

माझे हात तसेच पाण्याखाली होते, उताणे, रिकामे.

"पुढची," फोन म्हणाला.